जो पंप मारीन, तोच बोलीन

मित्रांनो, मला पाहून कुणी थांबावं असं माझ्यात काही नाही. दोन फूट उंचीची लोखंडी नळी, तिच्यात वरखाली होणारा दांडा, वर लाकडी मूठ आणि खाली पाय रोवायला दोन पट्ट्या. दिग्रसच्या बसस्थानकाकडून कापसाच्या जिनिंग कारखान्याकडे जाताना उत्तमसिंग राठोडांचं सायकलचं दुकान लागतं. त्या दुकानातला हवा भरायचा जुना पंप तो मी.

माझा जन्म इथला नाही. दूर पंजाबात, लुधियानाच्या एका कारखान्यात मी तयार झालो. तिथे माझ्या पोटात चामड्याचा एक वाटीसारखा वायसर बसवला. तोच माझा जीव. दांडा वर ओढला की मी श्वास घेतो आणि खाली दाबला की तो श्वास दुसऱ्याला देऊन टाकतो. माझ्याजवळ काहीच उरत नाही. ही तक्रार नव्हे मित्रांनो, माझं कामच ते आहे.

मी दिग्रसला आलो तेव्हा उत्तमसिंगांच्या मिशा काळ्या होत्या. कापसाच्या हंगामात सकाळी सात वाजताच दुकानापुढे सायकलींची रांग लागे. जिनिंगचे मजूर, शाळांचे मास्तर, पोस्टमन, खेड्यांवरून शिकायला येणाऱ्या पोरी, सगळे मला ओळखत. "पंपाचा दम पाहा उत्तमभाऊ, दहा हातांत टायर टणक!" असं कुणी म्हटलं की माझा दांडा अभिमानाने चमकायचा.

उत्तमसिंग प्रत्येक पोराला हवा भरायला शिकवत. ते म्हणत, "डोळ्यावर भरोसा ठेवू नोको. अंगठ्यानं दाबून पाह्य. दगडासारखं लागलं, तं जास्त झालं. थोडं दबून परत आलं, तं बरोबर." हे वाक्य मी हजार वेळा ऐकलं असेन.

पुढे मोटारसायकली आल्या. त्यांच्या मागून दुकानात कॉम्प्रेसर आला. बटण दाबलं की तो गुरगुरायचा आणि पापणी लवायच्या आत टायर भरायचा. मला मागच्या भिंतीवर खिळ्याला टांगलं. जिनिंगमधून उडत येणारी कापसाची बारीक लव माझ्यावर साचू लागली. वायसर वाळून कडक झाला. माझ्या रबरी नळीत एका कुंभारमाशीने मातीचं घरसुद्धा बांधलं. रिकामं राहण्याचं दुःख मी सोसलं असतं. पण आपलं काम दुसरा समोरच करतोय आणि आपण टांगून बघतोय, हे फार जड जात होतं.

अशी कितीतरी वर्षं गेली. मग गेल्या वर्षी दिवाळीनंतर उत्तमसिंगांची नात निकिता एक फुटबॉल घेऊन दुकानात आली. ती आठवीत होती. यवतमाळला मुलींच्या जिल्हा संघाची निवड होणार होती आणि त्या दिवसापर्यंत सरावासाठी म्हणून शाळेच्या क्रीडाशिक्षकांनी तिच्यावर विश्वास ठेवून तो बॉल घरी न्यायला दिला होता. बॉल जुनाच होता. त्याच्या वाल्वमधून रोज थोडी हवा जायची.

कॉम्प्रेसरचा जोर त्या बॉलला झेपणारा नव्हता. उत्तमसिंगांनी वर पाहिलं आणि मला खिळ्यावरून काढलं. तारेने मातीचं घर कोरून काढलं, वायसर तेलात भिजवला, नळीच्या टोकाला बारीक सुई बसवली. पहिला दांडा मारला तेव्हा मी खोकल्यासारखा आवाज केला. दुसऱ्याला मात्र हवा दिली. मित्रांनो, मला पुन्हा काम मिळालं होतं!

त्या दिवसापासून रोज संध्याकाळी पाच वाजता दुकानात तिघं जमू लागली. निकिता, आयुष आणि श्रेयस. आयुष शेतकरी पुंडलिकरावांचा नातू. घरी वेचणी सुरू असली की त्याच्या केसांत कापसाचे तंतू अडकलेले असत. श्रेयसचे वडील तहसील कार्यालयात नोकरीला. तो कुठलीही गोष्ट आकड्यांत सांगायचा. बॉल भरायचा आणि जिनिंगच्या मागच्या मोकळ्या जागेत खेळायला जायचं, असा त्यांचा नेम. पण बॉल भरता भरता भांडण ठरलेलं. विषय एकच: आपल्या काळातला सगळ्यात मोठा इंग्लिश फुटबॉलपटू कोण? आयुष जेरार्डच्या बाजूचा, श्रेयस केनच्या.

सामने त्यांनी मोबाइलवर पाहिलेले, पण वाद असा घालत, जणू मैदानाच्या कडेलाच बसून आले आहेत.

एकदा उत्तमसिंग चेन जोडत होते. कलकलाटाने त्यांच्या हातातली कडी निसटली. ते म्हणाले, "हे जेरार्ड अन् केन कोन्या गावचे आहेत रे? माह्या तं वळखीत नाहीत."

"पुसदकडले आहेत आबाजी," आयुष म्हणाला. दुकानात हसू फुटलं.

"कुठले का असेनात. आजपासून नियम. जो पंप मारीन, तोच बोलीन. हात थांबला की तोंड बंद. बाकीच्यांनी आयकायचं."

नियम मला फार आवडला. दांडा मारत बोलायचं म्हणजे दम जपून वापरावा लागतो. रिकामे शब्द आपोआप गळतात.

आयुष दांडा मारत म्हणायचा, "जेरार्डची टीम हाफटाइमले तीन-शून्य मागं होती. फायनल होती! दुसरा असता तं बस धरून घरी गेला असता. जेरार्डनं डोक्यानं पह्यला गोल मारला, हात वर करून सगळ्या टीमले उठवलं, अन् शेवटी कप घरी आणला."

मग श्रेयस माझी मूठ धरायचा. "एका मॅचवर मोठेपण ठरते काय बे? इंग्लंडकडून सगळ्यात जास्त गोल केनचे आहेत. आकडा खोटं बोलत नाही."

"फ्रान्सविरुद्ध पेनल्टी कोणं हुकवली मंग?"

"तू पंप मारून राह्यला का? चूप बस! त्याच मॅचमंदी पह्यली पेनल्टी त्यानंच घातलती."

कधी बेकहॅमची फ्री किक निघायची, कधी रूनीचं नाव यायचं. निकिता मात्र एका उलट्या डब्यावर बसून बॉल गुडघ्यांवर धरायची. सुई निसटू नये म्हणून कुणीतरी बॉल धरावाच लागतो. ती म्हणायची, "माह्यं बी एक नाव आहे."

"तुह्या नंबरले सांग ना," आयुष म्हणायचा.

आणि तिचा नंबर आला की श्रेयस बॉलवर अंगठा दाबून म्हणायचा, "झालं, भरला. चला!"

मित्रांनो, ह्यात कुणाची लबाडी नव्हती. सुई बारीक आणि माझा वायसर म्हातारा, त्यामुळे त्या बॉलला रोज साधारण चाळीस दांडे हवा लागायची. वीस आयुषचे, वीस श्रेयसचे. प्रत्येक दांडा माझ्या पोटातून जात होता, म्हणून हिशेब मला ठाऊक होता. निकिताच्या वाट्याला एकही येत नव्हता. मला बोलता आलं असतं तर मी सांगितलं असतं. पण मी पंप. मला फक्त फुस्स करता येतं.

तो शुक्रवार होता. निवड रविवारी होती. त्या दिवशी दोघांचा वाद असा रंगला की दांडे चाळीसच्या पुढे गेले. श्रेयसने अंगठा दाबला, बॉल तसूभरही दबला नाही. "चला," तो म्हणाला.

निकिता डब्यावरून उठली नाही. "माहा नंबर राह्यला."

"अवं निके, बॉल भरला ना! आता कायले बोलतं? उद्या बोलजो."

"उद्या बी तो भरतेच," ती म्हणाली. बसल्या बसल्याच तिने बॉल दोन गुडघ्यांमध्ये दाबून धरला, माझ्या पट्ट्यांवर पाय रोवला आणि मूठ पकडली.

"लूसी ब्रॉन्झ," ती म्हणाली आणि पहिला दांडा मारला.

"कोण?" आयुषने विचारलं.

"मी पंप मारून राह्यली ना? चूप!" दुसरा दांडा, तिसरा दांडा. "ती इंग्लंडच्या पोरींच्या टीममंदी बचावात खेळते."

आत गेलेली हवा मला उलटी ढकलत होती. त्या बॉलमध्ये जागाच नव्हती. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं की आपण हवा देऊ नये. पण दांडा खाली आला की मला द्यावीच लागते.

"पोरींची मॅच सांगून राह्यली का?" आयुष हसला.

निकिताने ओठ आवळले. चौथा, पाचवा, सहावा.

फट्!

फार मोठा आवाज झाला नाही. बॉल तिच्या पायांमध्ये हळूहळू खाली बसला, पाण्यात पीठ बसावं तसा.

"फोडला ना वं!" श्रेयस ओरडला.

"म्या तं हातच नाही लावला," आयुष म्हणाला.

निकिता रडली नाही. तिने ते रिकामं कातडं उचलून मांडीवर घेतलं. "सरांनी माह्या भरोशावर देल्ला होता," ती एवढंच म्हणाली. सरावाला एकच दिवस उरला होता आणि सोमवारी बॉल शाळेत परत द्यायचा होता.

उत्तमसिंग हात पुसत आले. बॉल कुणी फोडला हे त्यांनी विचारलं नाही. सवयीने त्या बसक्या बॉलवर अंगठा दाबून पाहिला आणि म्हणाले, "आयुष, तू किती हात मारले?"

"वीसेक."

"श्रेयस?"

"तेवढेच. दोन-चार जास्त असतीन."

"अन् ह्या छोरीनं?"

"सहा," निकिताच बोलली. "भरल्यावर."

"काल?"

"काल नाही मारले."

"परवा?"

आकडा श्रेयसला कळला होता. तो जमिनीकडे पाहू लागला.

"चूक माही बी आहे," उत्तमसिंग म्हणाले. "जो पंप मारीन तो बोलीन, असं म्याच म्हटलं. पण बॉलात जागा किती आहे, हे म्या पाह्यलंच नाही."

मग ते कामाला लागले. आरीने वाल्वजवळची शिवण उसवली आणि आतला रबरी फुगा, म्हणजे ब्लॅडर, बाहेर काढला. त्याला बोटभर लांब चीर पडली होती. सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा कापून, घासून, सोल्युशन लावून त्यांनी ठिगळ बसवलं. ते वाळल्यावर ब्लॅडर पुन्हा आत घातला. शिवताना आयुषने कातडं ताणून धरलं आणि श्रेयसने मेण लावलेला दोरा सुईत ओवून दिला.

"आबाजी, वाल्व बी बदलून टाका ना," आयुष हळूच म्हणाला. "रोज हवा जाते त्याच्यातून."

उत्तमसिंगांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. "राहू दे. बॉल गळला नाही, तं तुम्ही बोलसान कधी?"

दिवेलागणीला बॉल तयार झाला. पूर्ण रिकामा बॉल. उत्तमसिंगांनी माझी मूठ निकिताच्या हातात दिली. ह्या वेळी त्या उलट्या डब्यावर आयुष बसला आणि बॉल त्याने गुडघ्यांवर घेतला.

"आता पह्यल्यापासून सांग," उत्तमसिंग म्हणाले.

निकिताने दांडा ओढला. घाई केली नाही.

"बारा वर्साची झाली, तं तिले पोरांच्या टीममधून काढलं. चांगली खेळत नव्हती म्हणून नाही. पोरींनी पोरांत खेळायचं नाही, असा तवा नियम होता." दोन दांडे. "ती उजव्या बाजूनं बचाव करते. माह्यासारखी. गोल मारणं तिचं काम नाही. पण युरो कपात स्वीडनविरुद्ध दोन-शून्य मागं होत्या, तवा पह्यला गोल तिनंच फेडला." चार दांडे. "ते अख्खी स्पर्धा ती नडगीचं हाड चिरलेलं असताना खेळली. बाहेर कोणाले सांगतलं नाही. कप जिंकल्यावर सांगतलं."

"नडगीचं?" आयुषच्या तोंडून निघालं आणि त्याने लगेच तोंडावर हात ठेवला. नंबर त्याचा नव्हता.

ती बोलत राहिली, बॉल भरत राहिला. इतका वेळ आणि इतक्या शांतपणे कुणी मला कधी वापरलं नव्हतं. मग ती स्वतःच थांबली. अंगठा दाबला, बॉल अजून मऊ होता. तिने मूठ आयुषपुढे केली.

"चार हात तुह्यासाठी ठेवले. चार श्रेयससाठी. द्या उत्तर."

आयुषने पहिला दांडा मारला. "जेरार्डच मोठा." दुसरा आणि तिसरा दांडा त्याने नुसताच मारला. चौथ्याला म्हणाला, "पण चिरलेल्या हाडानं तो एवढे दिवस खेळला असता का, मले माहीत नाही."

श्रेयसने माझी मूठ धरली. "केनचे गोल जास्तच आहेत. ते तं आहेतच." मग शेवटचा दांडा मारत म्हणाला, "पण न होऊ देल्लेले गोल कसे मोजतात, हे म्या कधी पाह्यलंच नाही."

उत्तमसिंगांनी अंगठा दाबला. बॉल थोडा दबला आणि परत आला.

शनिवारी तिघं अंधार पडेपर्यंत खेळली. रविवारी निकिता बॉल पिशवीत घालून यवतमाळच्या बसमध्ये बसली. सोमवारी परतली तेव्हा दोघं दुकानातच वाट पाहत होते.

"राखीवमध्ये घेतलं," ती म्हणाली.

"राखीव म्हणजे नंबर येतेच कधी तरी," आयुष म्हणाला.

क्रीडाशिक्षकांना तिने सगळं खरं सांगितलं. ठिगळावरून हात फिरवून त्यांनी बॉल तिलाच वर्षभर ठेवायला दिला.

सर्वश्रेष्ठ इंग्लिश फुटबॉलपटू कोण, हे दिग्रसमध्ये अजून ठरलेलं नाही. ठरेल असं मला वाटतही नाही. पण नियमाला आता एक शेपूट जोडलं आहे: काल ज्याचे दांडे सगळ्यात कमी, त्याने आज सुरुवात करायची.

मित्रांनो, तुमच्याही घरात एखादा जुना पंप कोपऱ्यात पडला असेल. त्याच्या वायसरला दोन थेंब तेल द्या, तो तुम्हाला निराश करणार नाही. आणि चार जणांत एखाद्या गोष्टीवर वाद रंगला, तर बॉल धरून गप्प बसलेलं कोण आहे, तेही बघा. बॉल भरायच्या आधी बघा. भरल्यावर दिलेला नंबर काही कामाचा नसतो, हे मी माझ्या पोटातून गेलेल्या सहा दांड्यांवरून सांगतो.

ते ठिगळ अजून पक्कं आहे. वाल्वमधून मात्र रोज थोडी हवा जाते. उत्तमसिंगांना तो बदलायला पाच मिनिटंही लागणार नाहीत, पण ते बदलत नाहीत आणि मीही देवाकडे तसं मागत नाही. आता पाच वाजत आले. बॉल कालच्यापेक्षा मऊ झाला असेल.

काल श्रेयसचे दांडे सगळ्यात कमी होते. आज तो सुरुवात करील.