मोहाखालची रेघ

माझा राग सगळ्या गावाला माहीत आहे. अंगणवाडीत बावीस वर्षं झाली. लेकरं रडायला लागली की त्यांच्या आया म्हणतात, "गप राय, दुर्गेश्वरी बाई येऊन राहिली." त्या सकाळी मात्र रागवायचं कुणावर तेच कळत नव्हतं, म्हणून मी नुसती भांडी आपटत होते.

आदल्या दुपारी बोदलकसा तलावामागच्या जंगलाला आग लागली होती. संध्याकाळपर्यंत अर्धी डोंगरी काळी झाली. जागेश्वर म्हाताऱ्याचा शेळ्यांचा मांडव जळाला, आणि शेळ्या सोडवायला घुसलेल्या म्हाताऱ्याचे हात कोपरापर्यंत भाजले. त्याला तिरोड्याच्या दवाखान्यात नेलं. आमच्या भागाचा वनरक्षक इंद्रकुमार, ज्याला सगळे नाकेदार म्हणतात, तिथे पोचला तेव्हा त्याला एकच जण सापडला. गावाबाहेरच्या वस्तीतला, टोल्यावरचा फागू. हातात अर्धी जळलेली पळसाची फांदी, पायांना फोड. नाकेदारानं त्याची कॉलर धरली.

फागू सोळा वर्षांचा. त्याचा बाप सेवकराम दर उन्हाळ्यात वनखात्याच्या कामावर असतो, वणव्यावर नजर ठेवायच्या आणि लागला तर विझवायच्या. त्याच्याच पोरानं आग लावली असं कागदावर गेलं की बापाचं काम सुटणार आणि पोराला गोंदियाच्या कोर्टाच्या चकरा लागणार, हे गावात कुणी कुणाला सांगायची गरज नव्हती.

आग कुणी लावली ते मला सकाळी कळलं. माझा दुर्गेश मोरीत बसला होता आणि त्याच्या उजव्या हातावरचे केस जळून त्यांच्या बारीक गुठळ्या झाल्या होत्या.

"हे काय रे?"

"काई नाई."

"दुर्गेश!"

पोरगा पंधराचा. दहावीचे पेपर संपून चार दिवस झालेले, ओठावर नुकती लव आलेली. बादलीतल्या पाण्याकडे पाहत तो बोलला, "आपल्या मोहाखालचा पाला जाळाले गेल्तो. गुलशन होता, आणखी दोघं होते."

"आन् रेघ? रेघ नाई मारली?"

मोहफुलं पहाटे गळतात. खाली वाळका पाला असला की ती दिसत नाहीत, म्हणून फुलं पडायच्या आधी ज्यानं त्यानं आपल्या झाडाखालचा पाला जाळायचा, ही आमच्याकडची रीत. खात्याची बंदी आहे, आणि तरी सगळं गाव जाळतं. फक्त आधी खराट्यानं झाडाभोवती गोल रेघ झाडून जमीन मोकळी करायची आणि मगच काडी लावायची. मोकळ्या जमिनीवर आग अडते. दुर्गेश आठ वर्षांचा असताना मीच त्याला हे शिकवलं होतं. पहिली काडीही माझ्याच पेटीतली.

"खराटा नेल्ला होता मी," तो म्हणाला. "झाडाले बी लागलो. त गुलशन म्हणे, का बे, बायायसारखा झाडत बसला! सगळे हासाले लागले. त्यानं व्हिडिओ काढाले मोबाईल काढला. मंग मी खराटा फेकला न काडी लावली." तो थांबला. "हवा सुटली, माय. आमी पळून गेलो."

"आन् फागू?"

"तो तलावाच्या पाळीवर होता. धूर पाहून आला. आमी इकडे पळून राहिलो होतो न तो एकटा तिकडे जाऊन राहिला होता."

मी त्याला दोन थपडा द्यायला हव्या होत्या. हाताला धरून नाकेदाराच्या दारात उभं करायला हवं होतं. मी काय केलं? कैची आणली आणि त्याच्या हातावरचे जळके केस कापले. वर खोबरेल चोळलं. त्याचे बाबा गोंदियाला राईस मिलमध्ये असतात, तिथेच कुडव्याला खोली करून राहतात. त्यांना फोनसुद्धा केला नाही.

"आता नीट आयक," मी म्हटलं. "कोनी इचारलं त म्हणजो, आमाले काय मालूम साहेब. फागूचं नाव तू काढू नको. पण दुसऱ्यानं काढलं त हो म्हणून मान हालवजो."

"पण माय, फागूनं त..."

"त्याचं त्याचा बाप पाहून घेईन. तुले पुढे शिकाचं आहे."

त्यानं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि शर्टाच्या लांब बाह्या खाली ओढल्या. उन्हाचे दिवस होते, पण मी त्याला अडवलं नाही.

अकरा वाजता ग्रामपंचायतीत सगळ्यांना बोलावलं होतं. बाया एका बाजूला, माणसं एका बाजूला. भिंतीशी चार पोरं उभी, कारण आग लागायच्या आधी ती चौघं जंगलाकडे जाताना कुणीतरी पाहिली होती. फागू खाली बसलेला, फोड आलेले पाय लांब करून. त्याच्या मागे सेवकराम. नाकेदारानं टेबलावर डायरी उघडली.

"हां गुलशन, तू बोल. सच बोल."

"आमी क्रिकेट खेळाले गेल्तो, साहेब," गुलशन म्हणाला. त्याचा आवाज इतका साधा होता की मलाही क्षणभर खरं वाटलं. "फागूले तिकडे जाताना पाहिलं."

दुसऱ्यानं गुलशनकडे पाहून तेच सांगितलं. तिसऱ्यानं दुसऱ्याकडे पाहून. तीन पोरांचं बोलणं एकाच पाटीवरून उतरवल्यासारखं होतं, आणि तसं बोलायला त्यांना कुणी बसून शिकवलं नव्हतं. ती फक्त आमची तोंडं पाहत होती. आणि आम्ही काय करत होतो? माना हलवत होतो. जसजसं फागूचं नाव पक्कं होत गेलं तसतशी माणसं भिंतीला आरामात टेकायला लागली. एकदा नाव ठरलं की बाकी कुणाच्या झाडाखाली कुणी पाहायला जाणार नव्हतं. चाळीस घरांच्या मोहांखाली त्या दिवशी राख होती.

"फागू, तुझं काय म्हणणं?"

"मी विझवाले गेल्तो."

"मग लावली कोनी?"

फागूनं मान वर केली. दुर्गेशकडे पाहिलं. दोघं पहिलीपासून सातवीपर्यंत एका बाकावर बसलेले.

"मले नाई सांगाचं," तो म्हणाला.

"मतलब तूच लावली," नाकेदार म्हणाला आणि दुर्गेशकडे वळला. "आता तू."

दुर्गेशनं कानाची पाळी ओढली. दर वर्षी नाकेदार दारात येऊन पाला कुणी जाळला विचारतो, तेव्हा मी अशीच पाळी ओढते. ते मला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं.

"आमाले काय मालूम, साहेब."

शब्द माझे. सूरही माझाच, तो जरासा ओढलेला, गरीब झाल्यासारखा.

"फागू होता का नव्हता तिथं? इतनाच सांग."

दुर्गेशनं हो म्हणून मान हलवली.

खरं सांगते, आधी मला हायसं वाटलं. पोरगा सुटला, एवढंच डोक्यात आलं. नाकेदारानं पेनाचं टोपण काढलं. खात्यानं दिलेली शिट्टी सेवकरामनं गळ्यातून काढली, दोरी नीट गुंडाळली आणि टेबलावर ठेवली.

तेव्हा फागूनं माझ्याकडे पाहिलं.

तीन वर्षांचा असताना तो टोल्यावरून एकटा चालत अंगणवाडीत यायचा. दुसऱ्या कुण्या पोरानं त्याची खिचडीची वाटी ओढली तर भांडायचा नाही, ओरडायचा नाही. माझ्याकडे पाहत बसायचा. बाई आता बोलतील, याची त्याला खात्री असायची. सोळा वर्षांचा झाला तरी तसाच पाहत होता. मला माझी इतकी लाज वाटली की बसवेना.

"साहेब, फागूचं नाव नका लिहू," मी उभी राहून म्हटलं. "आग माह्या पोरानं लावली."

सगळे एकदम बोलायला लागले. गुलशनची आई मंजू माझ्या शेजारीच होती. तिनं माझा पदर खेचला. "बाई, बस खाली! पोट्ट्याच्या जिंदगीचा सवाल आहे. तुले येड लागलं का?"

"तुह्या पोट्ट्याचा मोबाईल पाहा आधी, मंजू," मी म्हटलं. "त्यात सगळं दिसन."

गुलशनचा हात खिशावर गेला आणि तिथेच राहिला. मंजूनं ते पाहिलं, माझा पदर सोडला.

"हा पोरगा विझवाले गेल्ता," मी नाकेदाराला सांगितलं. "एकटा. माह्यावाल्याच्या हातावरचे केस जळले होते. मी कापले कैचीनं."

दुर्गेश भिंतीशी तसाच उभा होता. त्याचे कान लाल झाले होते. मला वाटलं तो रडेल, किंवा पळून जाईल. त्यानं उजव्या हाताची बाही कोपराच्या वर गुंडाळली. मी कापलेली जागा सगळ्यांना दिसली. मग भर सभेत, सगळ्यांना ऐकू जाईल असं, त्यानं मला विचारलं.

"मंग आज सकाळी मले काऊन शिकवलं, माय?"

मी भिंतीशी जाऊन त्याच्या बाजूला उभी राहिले. नाकेदारानं डायरीचं पान उलटलं.

"नाव सांगा, बाई," तो म्हणाला.

मी आधी माझं सांगितलं.