दुसरी सही

म्युरिएलचं पत्र ह्यूबर्टनं सात वर्षं हत्यारांच्या कपाटात, वॉशरच्या डब्याखाली ठेवलं होतं. आज कपाट रिकामं करताना ते हाती आलं. त्यात एकच प्रश्न होता. 'कागदावर माझ्या मुलाच्या, रॉनीच्या सहीखाली तुमची सही आहे. तुम्ही खरंच पाहिलं होतं का?'

उत्तर गेलं नव्हतं. त्यानं पत्र कोटाच्या खिशात ठेवलं.

शेडबाहेर गवताची धावपट्टी सकाळीच शेवटची कापलेली होती. सोमवारपासून तिच्यावर नांगर फिरणार होता. आता एकच विमान उरलं होतं, दुमजली पंखांचं, कापडी, ऐंशी वर्षांचं. क्लाइव ते उडवून नेणार होता. शेपटीच्या तारा त्यानं नव्या बसवल्या होत्या. तारांना हात लागला की दोघांनी वेगवेगळं तपासायचं आणि दोघांनी सही करायची, हा नियम. क्लाइवची सही झाली होती.

"चहा गार होतोय तुझा," क्लाइव म्हणाला. "सही कर आणि मोकळा हो."

ह्यूबर्टनं टॉर्च घेतला.

"आत शिरतोस? त्या गुडघ्यांनी? बाहेर काढायला मला बंबवाले बोलवावे लागतील."

"बघतो जरा."

"मी केलंय रे सगळं. माझ्यावर भरवसा नाही?"

ह्यूबर्ट शेपटीखाली आडवा झाला होता.

"रॉनीपण हेच म्हणाला होता."

रॉनी याच पट्टीच्या टोकाला, ओकच्या झाडांत विमानासकट पडला होता. शेपटीच्या तारेच्या एका बोल्टात, तो निसटू न देणारी पिन नव्हती. दुसऱ्या तपासणीत ती होती, असं कागद सांगत होता. म्हणजे नंतर रॉनीनंच काढली आणि विसरला, असं चौकशीत ठरलं. गावानं त्यात दारूही मिसळली.

"तू पाहिलं नव्हतंस?" क्लाइवनं विचारलं.

"त्याच्यासारख्याचं काम मी तपासायचं?" आवाज कापडाआडून आला. "मला लाज वाटली."

चारही पिना जागेवर होत्या. ह्यूबर्टनं प्रत्येक पिन बोटानं चाचपली, मग पुन्हा पहिलीपासून. बाहेर येऊन सही केली.

क्लाइवनं कागद घेतला, सहीकडे थोडा वेळ पाहिलं. मग टॉर्च उचलला आणि स्वतः शेपटीखाली शिरला.

ह्यूबर्टनं कामाच्या टेबलाशी बसून उत्तर लिहिलं. तीन ओळी झाल्या. चौथी त्याला सुचली, पण ती माफीची होती. त्यानं लिहिली नाही. पत्ता सात वर्षांपूर्वीचा होता, आणि म्युरिएल तेव्हाच ऐंशीची होती.

टपालपेटी गल्लीच्या तोंडाशी, भिंतीत बसवलेली. लिफाफा फटीत अर्धा सरकवून तो थांबला. डोक्यावरून इंजिनाचा आवाज आला, ओकच्या झाडांवरून पुढे गेला, लहान होत होत ऐकू येईनासा झाला.

मग त्यानं लिफाफा सोडला.