फुसाएची लसूणपात

“मावशी, त्या जुडीत काय होतं?”

फुसाएच्या एका हातात फोन होता आणि दुसऱ्या हातात भात वाढायची पळी. पलीकडून शेजारची सून मिहोको बोलत होती, आणि तिला धाप लागली होती.

“कुठल्या जुडीत गं?”

“सकाळी आईंना दिलीत ना, लसूणपात. आईंनी पारीत तिचं सारण भरून ग्योझा केले. आईंना उलट्या थांबत नाहीयेत, मलाही होतायत. छोटीने एकच खाल्ला, तिलाही... मावशी, पातच होती ना ती?”

“पातच की. दुसरं काय असणार?”

फोन बंद झाला. थोड्या वेळाने रुग्णवाहिका चढ चढून वर आली. तिचा लाल दिवा शेजारच्या भिंतीवर फिरत होता आणि फुसाए अंगणात उभी राहून तो बघत होती. पळी अजून हातातच होती, आणि तिला चिकटलेली भाताची शितं वाळून गेली होती.

तोकिए नागासे ही मिहोकोची सासू, फुसाएची शेजारीण, मैत्रीण, आणि आमच्या सगळ्या खोऱ्यातली सर्वांत फटकळ बाई. दोघींच्या परसांमध्ये चहाच्या झुडपांचं बुटकं कुंपण आहे. दोघी लग्न होऊन या गावात आल्या तेव्हापासून त्या कुंपणावरून भाजी तिकडे जायची आणि गावच्या बातम्या इकडे यायच्या. फुसाएचा नवरा यासुओ जाऊन बरीच वर्षं झाली. एकट्या बाईला भाजी ती किती लागणार? पण परसात वाफे तेवढेच राहिले. कांदे, मटार, पालक, मुळे, वांगी, काकड्या, सगळं तीन घरांना पुरून उरेल इतकं. ती खाण्यासाठी पिकवतच नव्हती, देण्यासाठी पिकवत होती. जुन्या तातामी चटया उसवून तिने त्यातल्या लव्हाळ्याच्या काड्या जपून ठेवल्या होत्या आणि प्रत्येक जुडी ती त्या काडीने बांधायची. सकाळी दारात अशी जुडी दिसली की कुणाची हे कुणी विचारत नसे.

निवृत्त होईपर्यंत ती गावच्या शाळेच्या स्वयंपाकघरात होती. पोरांच्या ताटात पडण्याआधी प्रत्येक पातेलं तिच्या नाकाखालून जायचं. “फुसाएचं नाक म्हणजे! पोलिसांनी कुत्री पाळायचं सोडून हिलाच नेमावं,” असं तोकिए म्हणायची. आपल्या हातचं खाऊन एकाही पोराचं पोट दुखलं नाही, हे फुसाए कधी बोलून दाखवत नसे, पण तेवढं एक तिने आयुष्यात कमावलं होतं आणि ते तिला पुरेसं होतं.

दुसऱ्या दिवशी आरोग्य केंद्रातून एक तरुण माणूस आला. वागायला अगदी मऊ. त्याने हातमोजे घातले, लसूणपातीच्या वाफ्याशी उकिडवा बसला आणि थोडा वेळ पानं निवडत राहिला.

“कुवाबारा-सान,” त्याने तिला अदबीने आडनावाने हाक मारली, “ही बघा, ही नर्गिसची पानं आहेत. पातीच्या मधून मधून आलीत. विषारी असतात.”

“नर्गिस तिकडे आहे, कडेला. ह्यांनी लावलेली. स्टेशनात कामाला होते ना, तिथल्या फलाटामागून तिचे कांदे आणले होते.”

“शरद ऋतूत इथली माती हलवली होती का?”

हलवली होती. नव्या कांद्यांना जागा हवी म्हणून तिने पातीचे गड्डे फोडून, मातीसकट कडेला सरकवले होते. तिथल्या मातीतले नर्गिसचे बारके कांदे पातीत मिसळले असणार. इतक्या बारक्या कांद्यांना पहिल्या वर्षी फूल येत नाही, नुसती पानं येतात, चपटी आणि हिरवी.

“दिसायला सारखीच असतात. दर वसंतात कुठे ना कुठे असं होतं,” तो तिला धीर द्यायला म्हणाला. “पण वासावरून कळतं. पात चुरडली की लसणाचा वास सुटतो. नर्गिसला तो नसतो. हे घ्या, बघा.”

त्याने तिच्या एका तळहातावर एक चुरडलेलं पान ठेवलं, दुसऱ्यावर दुसरं. फुसाएने एक हात नाकाशी नेला, मग दुसरा.

“येतोय,” ती म्हणाली.

“कुठल्या हाताला?”

फुसाए दोन्ही तळहातांकडे बघत राहिली. “दोन्हींना,” ती म्हणाली.

त्या माणसाने क्षणभर तिच्याकडे पाहिलं, आणि मग पानं पिशवीत भरू लागला. हा वाफा काढून टाकलेला बरा, एवढंच जाताना म्हणाला.

कुठल्याच हाताला येत नव्हता. नव्या वर्षात तिला ताप आला होता, आठवडाभर अंथरुणात होती. उठली तेव्हा मिसोचं सूप नुसतं गरम पाण्यासारखं लागलं. तिला वाटलं, यंदा घरी आंबवलेला मिसो बिघडला. मग चहाचाही वास येईना, शेणखताचाही नाही, देवघरातल्या उदबत्तीचाही नाही. तेव्हा तिला कळलं होतं. येईल परत, असं म्हणत तिने ते कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिच्या हातची जुडी कोण घेणार होतं? हा प्रश्न तिने तेव्हाच स्वतःला विचारला होता, आणि म्हणूनच ती गप्प बसली होती.

त्या दुपारी तिने फावडं घेऊन सगळा वाफा उपटला. पात गेली, आणि कडेची यासुओची नर्गिसही गेली. कुठे पात संपते आणि कुठे नर्गिस सुरू होते हे तिला आता सांगता आलं नसतं. माती पार चाळून काढेपर्यंत तिची कंबर मोडली.

संध्याकाळी गावच्या भोंग्यावर नेहमीची पाच वाजताची धून झाली आणि पाठोपाठ बाईचा आवाज आला. ओळख पटल्याशिवाय कुठलीही पानं खाऊ नयेत आणि दुसऱ्याला देऊ नयेत, अशी सूचना होती. नाव कुणाचंच घेतलं नाही. पण आमचं खोरं एवढंसं, भोंगा डोंगराला आपटून दोनदा ऐकू येतो. “दुसऱ्याला देऊ नयेत” हेही दोनदा ऐकू आलं.

तोकिए इस्पितळातून घरी आल्याचं कळताच फुसाए काळे कपडे घालून, स्टेशनजवळच्या चांगल्या दुकानातली मिठाईची पेटी घेऊन गेली. मिहोकोने दार उघडलं. फुसाए कमरेत वाकली ती वर येईना.

“कुवाबारा-सान, एवढं कशाला आणलंत,” मिहोको म्हणाली. परवापर्यंत मावशी होती.

“छोटी बरी आहे ना?”

“बरी आहे. शाळेत गेलीय.”

आतून तोकिएचा आवाज आला. “अजून मेले नाही मी! काळे कपडे काढ म्हणावं तिला!”

मिहोको हसली नाही, आत या असंही म्हणाली नाही. यात तिचं काही चुकलं असं मला वाटत नाही. लेकरू तिचं होतं, आणि रात्रभर त्याचं डोकं तिने मांडीवर धरलं होतं.

पाच-सहा दिवसांनी फुसाएची बांबूची टोपली परत आली, ज्यातून ती जुडी गेली होती तीच. आमच्याकडे भांडं रिकामं परत करत नाहीत. ही टोपली तोकिएच्या घरून कधी दोन अंडी घेऊन यायची, कधी उकडलेले बांबूचे कोंब, कधी नुसत्याच काड्यापेट्या. या वेळी टोपली घासून लख्ख केलेली होती आणि आत दुकानाच्या कागदात बांधलेली बिस्किटांची पेटी होती, वर रेशमी दोरा. परक्या माणसाला देतात तशी. फुसाएने टोपली खिळ्याला टांगली आणि पेटी न उघडता फडताळात ठेवली.

गाव मात्र गोड बोलत होतं. मटार आले तेव्हा तिने भीत भीत चार घरी नेऊन दिले. मटाराच्या शेंगा काय, आंधळ्यालाही ओळखू येतात. “अगं बाई, किती कोवळे!” असं म्हणत सगळ्यांनी दोन्ही हातांनी घेतले. कचऱ्याच्या दिवशी ती आपली पिशवी घेऊन नाक्यावर गेली. कावळ्यांसाठी अंथरलेलं जाळं तिने उचललं, तर एका पारदर्शक पिशवीच्या तळाशी हिरव्या शेंगांची जुडी होती, लव्हाळ्याच्या काडीने बांधलेली, न सोडलेली. पिशवीवर घराचं नाव लिहायची पद्धत आहे. फुसाएने पिशवी पालथी केली, नाव खालच्या बाजूला गेलं, आणि ती घरी आली.

त्यानंतर तिने कुणाला काही दिलं नाही. वाफे मात्र थांबले नाहीत, त्यांना कोण सांगणार! मटार वेलावरच वाळले. काकड्या हाताएवढ्या जाड होऊन पिवळ्या पडल्या. फुसाए रोज सकाळी पाणी घालायची, तण काढायची, आणि जे पिकून खाली पडलं ते तिथेच खड्ड्यात पुरायची.

पावसाळी दिवस संपत आले तेव्हा एका सकाळी कुंपणापलीकडून हाक आली.

“फुसाए! शिसो दे.”

तोकिएच्या दारात उमेचं झाड आहे आणि फुसाएच्या परसात लाल पानांचा, वासाचा शिसो. दर वर्षी तोकिए उमेची आंबट फळं मिठात घालायची, आणि त्यांना पाणी सुटलं की फुसाएच्या शिसोची पानं त्यावर पडायची. त्याशिवाय त्या लोणच्याला रंग येत नाही. त्या दोघींचं असं एकच लोणचं होतं.

“दुकानातून आण,” फुसाए मान वर न करता म्हणाली.

“आणलंय सूनबाईंनी, पाकिटातलं. त्याला ना रंग, ना जीव. फळं पाण्यात बसून तुझी वाट बघतायत.”

“मी आता कुणाला काही देत नाही.”

“दिसतंय मला. काकड्या म्हाताऱ्या करून पुरतेस. माज आलाय का?”

“तोकिए, तुझा जीव गेला असता.”

“गेला असता तर शिसो मागायला कोण आलं असतं? आले असते म्हणा. भूत होऊन आले असते, सोडते की काय तुला!”

फुसाए हसली नाही. तिने हातातलं खुरपं खाली ठेवलं.

“मला वास येत नाही.”

“कसला?”

“कसलाच. नवीन वर्षाच्या तापापासून. ती जुडी बांधली तेव्हाही येत नव्हता. आणि येत नाही हे मला माहीत होतं.”

तोकिएने कुंपणावरचा हात काढून घेतला.

“माहीत होतं,” ती म्हणाली, “आणि तरी दिलीस.”

“हो.”

“माझ्या नातीने खाल्ला त्यातला.”

“हो.”

तोकिए वळली आणि घरात निघून गेली. दार सरकल्याचा आवाज आला. फुसाएला वाटलं, झालं, संपलं, आणि खरं तर तिला जरा हलकंच वाटलं. ती वाफ्याच्या कडेलाच बसली. बऱ्याच वेळाने रस्त्यावर चाकाची करकर ऐकू आली. तोकिए हातगाडी ढकलत फाटकातून आत येत होती, आणि गाडीत गोधडीत गुंडाळलेली उमेची बरणी होती.

“धर एका बाजूने. बघत काय बसलीस?”

दोघींनी मिळून बरणी पडवीत उतरवली.

“हे बघ,” तोकिए म्हणाली. तिचा आवाज अजून कडकच होता. “मिहोकोला तू सांगायचंस. मी नाही. आज नको, पण तुझ्या तोंडाने सांगायचंस.”

“सांगते.”

“ती माफ करेल असं समजू नकोस. मीही अजून केलेलं नाही. बरणी इथेच राहील. त्या घरात तुझं काही आता शिरायचं नाही. मला लागेल तेव्हा इथे येऊन खाईन.” मग पदरासारखा एप्रनचा काठ खोचत ती म्हणाली, “तोड आता. एकेक पान माझ्या हातात द्यायचं. मी हुंगल्याशिवाय टोपलीत जायचं नाही.”

फुसाएने खिळ्यावरची टोपली काढली. ती पान तोडत होती आणि तोकिए प्रत्येक पान नाकाशी नेत होती. सुरुवातीला दोघीही नीट करत होत्या. मग तोकिए मूठभर पानं एकदम हुंगू लागली आणि फुसाए तिच्यावर ओरडली, “एकेक म्हणालीस ना?” तेव्हा कुठे तोकिएच्या तोंडावरचा ताण जरा उतरला.

पानं धुऊन त्यांनी मिठात चोळली. जांभळा फेस आला, तो पिळून टाकला, पुन्हा मीठ, पुन्हा फेस. मग तोकिएने बरणीतलं आंबट पाणी वाटीभर घेऊन पानांवर ओतलं आणि काळपट गोळा बघता बघता लालभडक झाला. दर वर्षी होतो. तरी दर वर्षी दोघी हात थांबवून बघतात.

“वास सुटला असेल ना?” फुसाएने विचारलं.

“घरभर.”

“कसा आहे?”

“कसा म्हणजे? शिसोसारखा.”

“नीट सांग ना गं.”

गावभरच्या बायकांना शब्दात पकडणारी तोकिए अडली. तिने डोळे मिटून पुन्हा एकदा हुंगलं.

“या दिवसांत तुझ्या घरात पाऊल टाकलं की येतो,” ती म्हणाली, “तो.”

“बरं,” फुसाए म्हणाली, आणि लाल पानं फळांवर पसरू लागली.

तोकिए गेली तेव्हा दुपार झाली होती. टोपली ती घेऊन गेली नाही. फुसाएने मोरीत हात साबणाने घासले. रंग गेला नाही, आठवडाभर तो जात नाही. तिने बोटं नाकाशी नेली. काही नव्हतं. मग ती पडवीच्या कडेला आली आणि दोन्ही हात उन्हात धरून बघत बसली.