गळती

मित्रांनो, ज्या भिंतीतून मी तोंड बाहेर काढून उभी आहे, तिच्या आड आता कोणी राहत नाही. मी एक जुनी पितळी तोटी आहे. कडावजवळच्या एका कौलारू घराच्या मागच्या पडवीत माझे सारे आयुष्य गेले. मूठ झिजून गुळगुळीत झाली आहे आणि ओठांवर हिरवा कळंक चढला आहे.

माझा जन्म एका ओतशाळेत झाला. वितळलेले पितळ वाळूच्या साच्यात निवले, कानशीने माझे अंग घासले गेले, आणि पुढे कर्जतच्या बाजारात एका दुकानाच्या दारावर सुतळीत ओवलेली अशी मी कितीतरी दिवस लोंबकळत होते. गावात पाण्याची नवी टाकी उभी राहिली, त्या वर्षी भिवाजी तिथे आला. त्याने मला कानाशी नेले, बोटाने टिचकी मारली आणि नाद ऐकून तो स्वतःशीच हसला. माठ पारखावा तशी त्याने मला पारखली.

भिवाजीचे घर त्याच्या बापाच्या हातचे होते आणि ते सतत काहीतरी मागत असे. कधी कौल सरके, कधी बिजागरी कुरकुरे. पण कारागिराला बोलावणे भिवाजीला माहीत नव्हते. नळही त्यानेच बसवला. मातीच्या भिंतीला भोक पाडले, पाइपाच्या आट्यांवर सफेदा लावून सुतळी गुंडाळली आणि मला पिळून घट्ट केले. पडवीच्या माळ्यावर त्याने एक लोखंडी पिंप चढवले. सकाळी त्यात भरलेले पाणी रात्रंदिवस माझ्याकडे येई. पहिली धार पडली तेव्हा त्याची बायको इंदूबाई हिने मला हळदकुंकू लावले.

पण मी गळत होते. कितीही आवळले तरी एक थेंब माझ्या ओठांशी येई, जड होई आणि पडे. भिवाजीने सायकलच्या ट्यूबचे वायसर कापून बसवले, मग जुन्या वहाणेच्या चामड्याचे. चार दिवस मी गप्प राही, की पुन्हा टप्, टप्. शेजारची भागूबाई कुंपणावरून विचारी, "भिवादादा, तुमचा नळ हाय का म्हस? पाना लावला तरी पान्हा आटत नाय." यावर सर्वांत मोठ्याने हसे तो भिवाजीचा एकुलता एक मुलगा सखा. त्याची खाट माझ्याच भिंतीला लागून होती.

सखा कुंभिवलीकडच्या एका कारखान्यात नुकताच कामाला लागला होता. एका श्रावणाच्या तोंडावर तो पिवळा पडून घरी आला. झाडपाल्याने कावीळ उतरेना, तेव्हा त्याचा मामा आबाजी त्याला मुंबईच्या इस्पितळात घेऊन गेला आणि तिथेच त्याच्या उशाशी राहिला. भिवाजी एक दिवसाआड जाऊन येई. इंदूबाईचे गुडघे धरलेले. तिला अंगणही दूर होते.

गावच्या महादेवाच्या देवळात पिंडीवर एक तांब्याचे भांडे टांगलेले असे. त्याच्या बुडाशी बारीक छिद्र, आणि त्यातून देवावर थेंब थेंब पाणी पडत राही. त्या भांड्याला गळती म्हणतात. घरातले माणूस अत्यवस्थ झाले, की ते परत येईपर्यंत देवावर गळती धरायची आणि ती मध्येच तुटू द्यायची नाही, अशी तिथली रीत होती. देऊळ मात्र नदीपलीकडे होते. इंदूबाईने मग नदीचा एक काळा गुळगुळीत गोटा माझ्या तोंडाखाली ठेवला, त्यावर बेलाचे पान वाहिले आणि हात जोडले. धरलेले व्रत बोलून दाखवायचे नसते, म्हणून ती कोणाला काही बोलली नाही. थेंबांनी माती उकरू नये यासाठी तो दगड ठेवला असेल, असे भिवाजी धरून चालला.

मित्रांनो, ज्या खोडीपायी मी जन्मभर बोलणी खाल्ली, तिलाच कोणी हात जोडले होते. इतके मन लावून मी कधी गळले नव्हते.

एका दुपारी भिवाजी इस्पितळातून परतला तो सरळ हत्यारांची पेटी घेऊनच पडवीत आला. इंदूबाई आत पडली होती. बाजारातून आणलेले नवे कोरे वायसर त्याच्या मुठीत होते. सखा त्याला म्हणाला होता, "मी घरी येईस्तवर तेवढा नळ बंद करा, बाबा. त्याच्या आवाजानं झोप लागत नाय." तेच वाक्य भिवाजी पुन्हा पुन्हा पुटपुटत होता. इस्पितळात त्याच्या हातांना काही काम नव्हते, इथे होते. त्याने पाणी तोडले, माझे पोट उघडले, आतली खळगी घासून साफ केली. त्याच्या हातून इतके नेटके काम कधीच झाले नव्हते. पाणी सोडले, तरी माझ्या ओठांशी थेंब आला नाही.

त्याने इंदूबाईला हाक मारली. भिंत धरत धरत ती आली.

"बघ गं, थेंब नाय."

तिची नजर गोट्यावर गेली. बेलाचे पान कडेने वाळू लागले होते. तिचा आवाज अगदी खाली गेला.

"गळती व्हती ती."

"मंग? तीच तर बंद केली."

ती भिंत धरतच आत जाऊन आली. तांब्या घेऊन माझ्यापाशी बसली आणि बोटांच्या फटीतून गोट्यावर थेंब थेंब पाणी सोडू लागली. भिवाजी पाहत राहिला. मग त्याच्या हातातला पाना खाली पडला. दुसऱ्याच क्षणी तो उचलून त्याने माझी मान ढिली केली. मी गळू लागले. पण दोघांनाही कळले होते, की मधली दुपार कोरडी गेली आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबाजी एकटाच आला आणि पायरीशी नुसता उभा राहिला.

पोराचे दुखणे आधीच हाताबाहेर गेले होते, असे आबाजीने नंतर पुष्कळदा सांगितले. भिवाजी मान हलवी. इंदूबाईने त्याला कधी एका शब्दाने दुखवले नाही. पण तिच्या मनात काय आहे, हे विचारण्याचे धाडसही त्याला झाले नाही. त्यानंतर त्या घरात पाना कोणी उचलला नाही. कौले सरकली तशी राहिली. मी मात्र गळत राहिले. भागूबाईनेही मला पुन्हा म्हस म्हटले नाही.

पुष्कळ वर्षांनी इंदूबाईने अंथरूण धरले. तिची खाट सखाच्या जागी, माझ्या भिंतीशी होती. एका सकाळी तिने नवऱ्याला जवळ बोलावले.

"अवं, आता ती बंद करा. लई वर्सं वाहिली."

"राहू दे गं."

"तुमच्या हातानं करा. मला राग नाय."

भिवाजीने पेटी उघडली. पाना गंजला होता. त्याने वहाणेच्या चामड्याचा तुकडा गोल कापला आणि मला बसवला. त्या दिवसापासून मी एक थेंबही गाळला नाही.

आज ती दोघेही नाहीत. गोटा माझ्याखाली तसाच आहे. त्याच्या माथ्यावर माझ्या थेंबांनी खळगा केला आहे.

मित्रांनो, तुमच्या घरची तोटी गळत असेल, तर ती जरूर दुरुस्त करा. पाणी वाया जाऊ देऊ नका. पण पाना हाती घेण्याआधी घरातल्या माणसांना एकदा विचारा. आणि कोणी एवढेसे बोलून गप्प झाले, तर त्याचा अर्थ आपणच लावू नका. जवळ बसा आणि पुन्हा विचारा.