स्वतःच्या घरातलं वाक्य

हॉटेलच्या चौथ्या मजल्यावर मुख्य म्हणून कुणाला तरी नेमायचं होतं आणि ती जागा थोरलीला हवी होती. हवी म्हणजे काय, जीव अडकला होता तिचा त्यात. इतकी वर्षं बाथरूमच्या फरशा घासून गुडघे पार कामातून गेले होते, आणि मुख्य बाईला वाकावं लागत नाही, ती नुसती बघते आणि बोलते. पण पाहुणे परदेशी, तेव्हा बोलायचं इंग्रजीत. त्यासाठी दुपारी जेवणानंतर चादरींच्या खोलीत शिकवणी सुरू झाली होती. जी चांगलं बोलेल तिला जागा, असं हॉटेलच्या मॅनेजर मॅडमनी सांगूनच टाकलं होतं.

थोरलीची धाकटी जाऊही तिथंच कामाला. तिला चिकटवलं थोरलीनंच. गादीखाली चादरीचा कोपरा कसा मुडपायचा, उशी कशी झटकायची, सगळं हाताला धरून शिकवलेलं. "मी आपली सरावापुरती बसते हं ताई," असं म्हणत धाकटीही शिकवणीला येऊ लागली.

त्या दिवशी मास्तरांनी झोप हा विषय घेतला. जेवण अंगावर आलेल्या बायकांपुढे झोपेचा विषय, म्हणजे धन्य आहे. पाहुणा सकाळी काय म्हणेल? 'स्लेप्ट लाइक अ लॉग', म्हणजे ओंडक्यासारखा गाढ झोपलो. 'डिडन्ट स्लीप अ विंक', म्हणजे डोळ्याला डोळा लागला नाही. 'नॉडेड ऑफ', म्हणजे नकळत डुलकी लागली. मग प्रत्येकीनं एकेक वाक्य करायचं. मास्तरांचा हट्ट एकच, वाक्य खरं हवं, स्वतःच्या घरातलं. पुस्तकातलं वाक्य तोंडात टिकत नाही म्हणे. मॅडम मागच्या खुर्चीवर बसून ऐकत होत्या.

धाकटीच्या वाट्याला 'नॉडेड ऑफ' आलं. ती उठली आणि अगदी सफाईनं इंग्रजीत म्हणाली की गेल्या आठवड्यात माझ्या जाऊबाईंना कोपऱ्यातल्या खोलीत पाहुण्याच्या पलंगावर डुलकी लागली.

बायका फिदीफिदी हसल्या. "वा, एकही चूक नाही," मास्तर म्हणाले. मॅडम हसल्या नाहीत. पाहुण्याच्या पलंगाला नुसतं टेकायचंसुद्धा नाही, हा तिथला पहिला नियम.

ही गोष्ट थोरलीनं एकट्या धाकटीला सांगितली होती, तीही हसत हसत, घरातली म्हणून. आणि डुलकी लागली होती कशानं? धाकटीच्या तान्ह्या पोराचा कान दुखत होता, ते रात्रभर टाहो फोडत होतं, आणि थोरली त्याला खांद्यावर टाकून पहाटेपर्यंत येरझाऱ्या घालत होती. त्याची आई पलीकडच्या खोलीत ढाराढूर.

मास्तर रंगात आले होते. "व्हाय?" त्यांनी विचारलं. का बरं लागली डुलकी?

आता सांगेल, थोरलीला वाटलं. मघाशी चुकून तोंडातून गेलं असेल, आता सावरून घेईल.

धाकटीनं मॅडमकडे एकदा पाहिलं. "आय डोन्ट नो, सर," ती म्हणाली आणि खाली बसली.

केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. तेवढ्यात थोरलीची पाळी आली आणि तिला मिळालं 'स्लेप्ट लाइक अ लॉग'. वाक्य जिभेवर तयारच होतं: पोर रडत होतं आणि माझी जाऊ ओंडक्यासारखी झोपली होती. पण भर वर्गात एका आईला तिच्या पोरावरून उघडं पाडणं तिच्यानं होईना. "माय हजबंड स्लेप्ट लाइक अ लॉग," ती पुटपुटली. मॅडमचं लक्षसुद्धा नव्हतं.

शिकवणी सुटल्यावर मॅडमनी तिथंच निकाल लावला. मजला धाकटीला. थोरलीनं उद्यापासून तळघरात धुलाईवर जायचं.

जिन्यात धाकटीनं तिला गाठलं. "ताई, रागावला नाहीत ना? मास्तरच म्हणाले खरं सांगा, मग सुचलं ते बोलले. तुम्ही मात्र मला सांभाळून घेतलंत, मन मोठं आहे तुमचं." मग ती जरा लाडात आली. "आज रात्री बाळाला घ्याल ना तुमच्याकडे? उद्या पहिला दिवस माझा, झोप नीट झालेली बरी."

"नाही," थोरली म्हणाली. "तुझं पोर तू सांभाळ."

थोरली कठडा धरून जिना उतरू लागली. आपण बोललो ते योग्यच, याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती. पण आज ते पोर रडणार आणि आपण भिंतीपलीकडे ऐकत पडून राहणार, हेही तिला आत्ताच कळत होतं. जाऊचा सगळ्यांत जास्त राग तिला यासाठीच आला.