हसऱ्या बहिणीच्या पेशी

आनंदी माणसाच्या पेशी उशिरा म्हाताऱ्या होतात, हे आमच्या सरांनी अभ्यास सुरू होण्याआधीच ठरवून टाकलं होतं. भाषण तयार होतं, भाषणात घालायचा विनोद तयार होता, शेवटी दाखवायचा सूर्यफुलांचा फोटोसुद्धा तयार होता. फक्त रक्त तेवढं काढायचं राहिलं होतं. ते काढायला मी होते.

मी प्रयोगशाळेत बावीस वर्षं रक्त काढते आणि तपासते. गुणसूत्रांच्या टोकांना एक आवरण असतं. पेशी दुभंगली की ते दर वेळी थोडं झिजतं, टोक करून करून पेन्सिल आखूड व्हावी तसं. ते किती उरलंय हे मी मोजते. सरांची कल्पना अशी, की एकाच घरातली दोन भावंडं घ्यायची, एक हसतमुख आणि एक तुसडं, आणि कोणाचं आवरण जास्त शिल्लक आहे ते पाहायचं. अशा साठ जोड्या हव्या होत्या. एकोणसाठ मिळाल्या आणि गाडं अडलं. जगात तुसड्या माणसांचा तुटवडा नाही, पण स्वतःला तुसडं म्हणवून घेऊन वर हात पुढे करणारं माणूस मिळणं कठीण.

"तुमची बहीण किती प्रसन्न आहे हो," सर एकदा मला म्हणाले. "आणि तुम्ही..." पुढचं त्यांनी सभ्यपणे गिळलं. अशा रीतीने साठावी जोडी सापडली. प्रयोगशाळेतल्या माणसाने अभ्यासात स्वतःचं रक्त द्यायचं नाही, असा नियम आहे. सरांनी तो वाचलेला होता, एवढं मी त्यांच्या बाजूने म्हणेन.

ताई माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. नऊ वर्षांपूर्वी आईची डावी बाजू लुळी पडली, तेव्हापासून आई ताईकडे असते. आमच्यात कामाची वाटणी स्वभावानुसार झाली. ताई हसतमुख, म्हणून तिच्याकडे आई. मी तापट, म्हणून माझ्याकडे काहीच नाही. घरी मला ठिणगी म्हणतात. ठिणगीच्या हाती आजारी माणूस कोण देणार? ही सोय मी नऊ वर्षं बिनतक्रार भोगली. महिन्यातून एकदा फळं घेऊन जायचं, आईशी पाऊण तास भांडायचं आणि निघायचं. 'ताईला त्याचं काही वाटत नाही,' असं सगळेच म्हणायचे. सगळ्यात मोठ्याने मी.

दोन महिन्यांपूर्वी ताई फोनवर म्हणाली होती, "आईला थोडे दिवस नेतेस का गं तुझ्याकडे?" आणि हसली. मीही हसले. म्हटलं, "दोघींपैकी एकच जिवंत राहील." ती आणखी हसली आणि विषय तिथेच संपला.

ताईने सरांची प्रश्नावली दहा मिनिटांत भरून दिली. थकल्यासारखं वाटतं का? कधीच नाही. उदास वाटतं का? कधीच नाही. राग येतो का? इथे तिने शेजारी हसरा चेहरा काढला. मी माझ्या प्रतीत प्रश्नच कसे चुकीचे आहेत, ते समासात लिहून दिलं. सर दोन्हींवर खूश होते.

मग निकाल आला. माझं आवरण वयाच्या मानाने अगदी धडधाकट. ताईचं मात्र आमच्या आईच्या वयाच्या बाईला शोभावं इतकं झिजलेलं. सरांनी कागद पाहिला, चष्मा पुसला, पुन्हा पाहिला.

"नळ्यांची अदलाबदल झालीय," ते म्हणाले.

"कशावरून?"

"अहो, उघड आहे. तुमच्याकडे बघा ना."

बावीस वर्षांत माझ्या हातून एक नळी इकडची तिकडे झालेली नाही. 'नळी बदलली का हो?' असं विचारणाऱ्या भल्याभल्यांचा मी पाणउतारा केलेला आहे. पण त्या दिवशी मी निमूट संगणकापुढे बसले आणि आमचे दोघींचे आकडे एकमेकींच्या जागी टाकले. कारण मलाही ते उघडच वाटलं. ताई हसते, मी खेकसते. मग ताई जास्त झिजलेली कशी असेल? सरांनी दुपारपर्यंत साठावी जोडी भाषणात बसवली, सूर्यफुलांच्या बरोबर आधी.

दोन दिवसांनी माझं डोकं फिरलं. बहिणीच्या काळजीने नव्हे, हे कबूल करते. माझ्या हातावर शंका घेतली, याचा संताप. शनिवारी सकाळी सुई, रबरी पट्टा आणि चार नळ्या घेऊन मी ताईच्या दारात हजर झाले. त्या नळ्यांचं पुढे काय झालं ते आताच सांगून टाकते. निकाल तोच आला. एका जोडीवरून काही सिद्ध होत नाही, हे मला कळतं, तरी मी आकडे पुन्हा आपापल्या जागी नेले. तेव्हापासून सर माझ्याशी बोलत नाहीत. त्या अभ्यासातून माझा झालेला हा एकमेव फायदा.

तर, शनिवार. फळं आणली नव्हती, भांडायलाही आले नव्हते, त्यामुळे नऊ वर्षांत पहिल्यांदाच मला ते घर दिसलं. फ्रिजवर कागद चिकटवलेला: सहाला कूस बदलणे, आठला गोळ्या, दहाला कूस, बाराला कूस, असं करत करत पुन्हा सहा. बाहेरच्या खोलीत एकच खुर्ची आणि तिच्यावर चादरींचा ढीग. तिच्यावर कोणी बसत असेल असं वाटत नव्हतं. आतून आईने हाक मारली. ताई स्वयंपाकघरातून निघाली, आईच्या दाराशी थांबली, दोन्ही हातांनी गाल चोळले, चेहऱ्यावर हसू आणलं आणि आत गेली. बाहेर आल्यावर दार ओढून घेतलं, तसं हसूही गेलं. अर्ध्या तासात हे चार वेळा झालं. मी बघतेय हे तिच्या गावीही नव्हतं. मला मात्र लाज वाटायला लागली होती.

मी खुर्चीवरच्या चादरी उचलल्या आणि तिला बसवलं. दंडाला पट्टा बांधला, शीर शोधली, एक नळी भरली. मला एकच हवी होती, बाकीच्या जादा म्हणून आणल्या होत्या. इतक्यात आतून पुन्हा हाक आली. ताई उठायला निघाली आणि हातात टोचलेली सुई बघून थांबली.

"येते हं आई! ही रक्त काढतेय, उठता येत नाही!" तिने ओरडून सांगितलं. मग पाठ टेकली आणि डोळे मिटले.

मी कापसाचा बोळा घेतला.

"अजून एक नळी भर ना," ती डोळे न उघडता म्हणाली.

"एकच लागते गं."

"असू दे. भर. तेवढंच बसायला मिळतं."

मी दुसरी भरली. तिसरी भरली. चौथी भरताना मला नळीवरच्या रेघा नीट दिसेनात. नऊ वर्षं जिला काही वाटत नव्हतं ती माझी बहीण, विसाव्यासाठी मला रक्त देत होती.

सुई काढून पट्टी चिकटवली आणि म्हटलं, "आता अर्धा तास हलायचं नाही. चार नळ्या काढल्या की तसा नियमच आहे." असा कुठलाही नियम नाही. ताईने आज्ञाधारकपणे मान हलवली. मी आत गेले.

"तू कशाला आलीस?" आई म्हणाली. "ती कुठेय?"

"बसलीये."

"बसलीये? बरं नाहीये का तिला?"

मी तिची कूस बदलायला लागले. ते मला जमेना. आईने उजव्या हाताने पलंगाची कड धरून मलाच मदत केली.

"सोमवारी तुला माझ्याकडे नेणार आहे," मी म्हटलं.

"नको गं बाई. तू ओरडतेस."

"ओरडणारच. तूही ओरड. दमलो की दोघी गप्प बसू."

"आणि ताई? तिला करमायचं नाही माझ्याशिवाय. किती आनंदाने करते सगळं."

तेवढ्यात बाहेरून आवाज आला. आधी मलाही कळेना कसला. आई कान देऊन ऐकत राहिली.

"कोण रडतंय गं?"

"ताई."

"आपली ताई?"

आईने दाराकडे पाहिलं. मग तिने माझं मनगट घट्ट धरलं.

"माझी कपड्यांची पिशवी कपाटावर आहे," ती म्हणाली. "काढ ती. सोमवारपर्यंत कशाला थांबायचं?"