टोपलीत राहिलेली दीड भाकर

मित्रांनो, मुरबाडहून माळशेजकडे जाताना टोकावडे मागे पडलं की रस्त्याला लागून एक लहान वाडी येते. त्या वाडीतल्या पहिल्याच घरात, स्वयंपाकघराच्या भिंतीला एक खोलगट लाकडी भांडं टांगलेलं आहे. त्याच्या कडा झिजल्या आहेत आणि मधोमध केसाएवढी चीर गेली आहे. ती मी. मला काथवट म्हणतात. तुमच्या घरी पीठ मळायला स्टीलची परात असेल. परात यायच्या आधी घरोघर मी होते.

माझा जन्म शहापूरजवळच्या सापगावचा. या घरची आजी भीमाबाई, तिच्या वडिलांच्या बांधावर शिवणीचं एक झाड होतं. ते वादळात आडवं झालं. त्याच साली भीमाबाईचं लग्न ठरलं होतं. तिच्या वडिलांनी ओंडका दारात आणला, लाकूड तासायचा वाकस हातात धरला आणि आठ दिवस मला कोरत बसले. सुतार नव्हते ते, शेतमजूर होते. म्हणून माझी एक बाजू थोडी जाड राहिली. लेकीच्या हातात मला देताना म्हणाले, "भांडी काय, कोणीबी देईल. ही माझ्या हातची हाय गो. हिच्यात पीठ कमी पडू देऊ नको."

तांदळाची भाकर करणं सोपं नसतं. पिठावर उकळतं पाणी ओतायचं आणि वाफ आहे तोवर मळायचं. धातूची परात अशा वेळी हाताला चटका देते. मी देत नाही. मी ऊब धरून ठेवते. भीमाबाईच्या तळहाताखाली पीठ लोण्यासारखं मऊ व्हायचं. भातलावणीच्या दिवसांत सकाळच्या प्रहरी तीस-तीस भाकऱ्या माझ्यातून उठायच्या. बायका म्हणायच्या, "भीमे, तुझ्या काथवटीला हात लागला की भाकर कशी फुगते बघ!" मी मनातल्या मनात फुगायचे.

पण माझा खरा मान वेगळाच होता. तो मला बुधाजीबाबांनी दिला.

बुधाजीबाबा म्हणजे भीमाबाईचे मालक. कमी बोलायचे. एकदाच, नव्या नवरीला जवळ बसवून त्यांनी सांगितलं, "माझी आय टोपली घेऊन दारोदार फिरायची. लोक वरून तुकडे टाकायचे. शिळे, बुरसलेले. हात लागू नये म्हणून वरून. ते खाऊन आमी वाढलो. मग माझ्या बापानं धम्म घेतला, नि घरी येऊन ती टोपली चुलीत घातली. त्या दिवसापासनं आमी कुणाकडं शिळं मागलं नाय. नि आपल्या दारात आलेल्याला शिळं द्यायचंबी नाय. त्याला बसवायचं. नाव विचारायचं नाय, नाव विचारलं की लोक जात जोखतात. ताजी भाकर करायची, नि ताटात वाढायची."

भीमाबाईनं हा शब्द आयुष्यभर पाळला. घाट उतरून आलेले मेंढपाळ, रस्त्याच्या कामावरच्या बाया, वाट चुकलेली कॉलेजची पोरं. कोणीही दारात उभं राहिलं की मला खाली काढलं जायचं. अर्ध्या तासात ताटात वाफाळती भाकर. मला वाटायचं, या घराची अब्रू माझ्यात मळली जाते.

पुढे बुधाजीबाबा गेले. गॅस आला, परात आली. मुलगा शेखर मुरबाडला कारखान्यात लागला. त्याच्या डब्याला चपात्या लागायच्या. मी खुंटीवर गेले. कोणीतरी माझ्यावरच लसणाची जुडी अडकवली. मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू? पण शेखरचं लग्न होऊन पिंकी घरात आली, तेव्हा भीमाबाईनं तिला माझ्याकडे बोट दाखवून सांगितलं, "रोज नको काढू. पण दारी माणूस आला, तर शिळं नाय द्यायचं, हिच्यातच मळायचं. तुझ्या सासऱ्यांचा शब्द हाय." पिंकीनं मान हलवली. तेवढ्या एका वाक्यावर मी वर्षं काढली.

आता मी त्या दुपारची गोष्ट सांगते.

उन्हाळा होता. शेखर कामावर होता आणि भीमाबाई एस्टीनं टोकावड्याला साखरपुड्याला गेली होती. घरात पिंकी आणि तिचा आठ महिन्यांचा बंटी. बंटी नुकताच झोळीत झोपला होता. इतक्यात ओटीपाशी आवाज आला.

"ताई, भाकर हाय का? काल सकाळपासनं पोटात काय न्हाय."

पन्नाशीचा माणूस होता. घाटावरची बोली. पायांत वेगवेगळ्या दोन चपला. पिंकी मनानं चांगली पोर. तिनं त्याला ओटीवर पाट दिला, तांब्याभर पाणी दिलं आणि आत आली. भाकऱ्यांच्या टोपलीचं झाकण उचललं. आत सकाळची दीड भाकर होती, बाजूला वाटीत सुकटाची चटणी. तिचा हात भाकरीपर्यंत गेला. मग थांबला. सासूबाईंचा शब्द तिला आठवला असणार. तिनं झाकण परत ठेवलं, आणि मला खुंटीवरून खाली काढलं.

मित्रांनो, मला किती आनंद झाला म्हणून सांगू! दोन वर्षांनी मला हात लागला होता. तिनं लसूण काढला, मला घासलं, पुसलं, गॅसवर आधण ठेवलं. पीठ चाळलं. मी म्हणत होते, सावकाश कर गो, नीट कर. बाहेर एक माणूस कालपासून उपाशी बसलाय, हे माझ्या ध्यानातच नव्हतं.

पीठ अर्धं मळलं, आणि बंटी उठला. भुकेनं किंचाळायला लागला. पिंकीनं त्याला थांब म्हटलं नाही. हात फडक्याला पुसून तशीच खाली बसली आणि त्याला पाजायला घेतलं. ओटीवर परका माणूस, म्हणून तिनं पायानं दार लोटून घेतलं.

दाराचा आवाज बाहेर कसा ऐकू गेला असेल, ते तेव्हा आम्हां दोघींना कळलं नाही.

तेवढ्यात शेजारची हिराबाई तिथं आली. तिचा आवाज भिंतीतूनसुद्धा येतो.

"काय रे, कुठला तू?"

"घाटावरचा, मावशी."

"घाट काय लहान हाय? गाव सांग. आडनाव काय? आधार कार्ड हाय का? आमच्या ग्रुपवर फोटो येतात हां तुमच्यासारख्यांचे!"

तो काहीतरी हळू बोलला.

"मग बसलायस कशाला? पोरगी एकटी हाय घरात."

मग बाहेर काहीच ऐकू आलं नाही. बंटी पोटभर प्यायला, हसला. पिंकीनं त्याला पुन्हा झोळीत टाकलं, भरभर दोन भाकऱ्या थापल्या, भाजल्या. दोन्ही टम्म फुगल्या. तिनं ताट वाढलं, दार उघडलं.

ओटी रिकामी होती. पाट भिंतीशी उभा करून ठेवला होता, आणि तांब्या धुऊन पालथा घातला होता.

"हिराकाकी, तो माणूस कुठं गेला?"

"गेला. मी काय त्याला हाकलला नाय हां. विचारलं फक्त. म्हटला, ताईंनी दार लावलं, आता त्यांना त्रास नको."

पिंकीनं ताट खाली ठेवलं. "दार त्याच्यासाठी नाय लावलं गो काकी! बंटीला पाजत होते!"

"मग सांगायचं ना त्याला तसं!"

"हो. सांगायला पायजे होतं," पिंकी म्हणाली. तिनं भाकऱ्या फडक्यात बांधल्या. "काकी, पोराकडं बघा," म्हणाली आणि तशीच उन्हात धावली. पायांत चपला नव्हत्या.

मी स्वयंपाकाच्या ओट्यावर पडून होते. उरलेल्या पिठाचा गोळा माझ्या अंगाला चिकटून सुकत गेला. पुढचं मी पाहिलं नाही. जे नंतर ऐकलं, ते सांगते.

घाटाच्या बाजूला रस्त्याखालून नाला जातो, त्याच्या मोरीपाशी तो कोसळला होता. कठड्यावर कपाळ आपटून फुटलं होतं. पिंकी पोचली तेव्हा धाबेवाला दामू त्याच्या तोंडावर पाणी मारत होता. पिंकीनं फडकं सोडलं, भाकरीचा तुकडा त्याच्या ओठांशी नेला. पण मित्रांनो, भुकेलाही वेळ असते. ती टळली होती. त्याला तोंड उघडता येईना. दामूनं त्याला टेंपोत घातलं. दवाखान्यात पाच टाके पडले, सलाईन लागलं. डॉक्टरांनी विचारलं, "हे शेवटचं जेवले कधी? वाटेत कोणी काही दिलं नाही?" पिंकीनं भाकऱ्यांचं फडकं पाठीमागे धरलं. उन्हानं तिच्या तळपायांना फोड आले होते. ते तिनं कोणाला दाखवले नाहीत.

दिवस कलताना दामूच्या टेंपोनं त्या माणसाला परत आणलं. भीमाबाई घरी पोचली होती आणि हिराबाईकडून तिला सगळं कळलं होतं. त्याला ओटीवर निजवलं. भीमाबाईनं चमच्या-चमच्यानं पेज पाजली. त्याला तरतरी आल्यावर ती आत येऊन सुनेला म्हणाली, "पिंके, घरात काय म्हणजे कायच नव्हतं का गो?"

पिंकी एवढा वेळ रडली नव्हती. आता रडली. "होती, आई. दीड भाकर होती टोपलीत. शिळी होती. तुमीच सांगितलं होतं ना."

भीमाबाईनं माझ्या कडेवर हात ठेवला. तो हात पिठात किती घट्ट रुतायचा, मला माहीत आहे. त्या वेळी त्याला जोर नव्हता.

ओटीवरून आवाज आला. "ताईला बोलू नका, आजी. तिचं चुकलं न्हाय. सकाळपासनं चार दारं लागली होती तोंडावर. हे पाचवं वाटलं." मग म्हणाला, "मी शिळीच मागायला आलतो. ताजी मागायची हिंमत कुठं होती?"

मी तिथंच ऐकत होते. चिरेतून अंगात गार वारं शिरावं तसं झालं मला. त्या माणसाचा वेळ माझ्यात गेला होता. लसूण काढण्यात, मला घासण्यात, आधणात. ज्या मानाचा मी इतकी वर्षं ताठा केला, तो मान त्याला देता देता आम्ही त्याची भाकर त्याच्यापासून लपवून ठेवली होती.

भीमाबाईनं बुधाजीबाबांच्या तसबिरीला हात जोडले. मग तिनं टोपली उघडली आणि ती दीड भाकर घेतली. चटणी घेतली. ताटं मात्र दोन घेतली. ओटीवर जाऊन त्याच्यासमोर मांडी घालून बसली. भाकर मोडली, एक तुकडा त्याच्या ताटात ठेवला, एक आपल्या.

"ही सकाळची हाय, बाबा. सांगून देते. नि मीबी हीच खाते तुझ्याबरोबर."

पहिला घास तिनंच घेतला. मग त्यानंही घास घेतला. पिंकीनं उन्हातून फिरून आलेल्या त्या दोन भाकऱ्याही आणल्या. त्याही आता गार, वातड झाल्या होत्या. कोणी ताजी-शिळी असं निवडलं नाही. हिराबाई दारात घुटमळत होती. भीमाबाई म्हणाली, "ये गो, तूबी बस. आधार कार्ड नको आणू." हिराबाई डोळ्यांना पदर लावून बसली.

जेवण झाल्यावर त्यानं आपणहून नाव सांगितलं. साईनाथ. शहापूरच्या बाजूला कोंबड्यांच्या शेडवर कामाला होता. शेड बंद झाली, वाटेत मोबाईल नि पैसे चोरीला गेले, म्हणून घाट चढून गावी चालत निघाला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी शेखरनं त्याला एस्टीत बसवलं.

बुधाजीबाबांचा शब्द मोडला असं मला वाटत नाही. त्यांना शिळ्या भाकरीचं दुःख नव्हतं, ती वरून टाकली जायची याचं होतं. आपण आपल्या टोपलीतलं, समोर बसून, बरोबरीनं खाल्लं, तर ते टाकलेलं होत नाही. हे भीमाबाईला एका संध्याकाळी कळलं. मला मात्र कळायला पन्नास वर्षं लागली.

म्हणून मित्रांनो, माझं एवढं ऐका. तुम्ही लहान आहात. घरात एकटे असाल तर अनोळखी माणसाला आत घेऊ नका, मोठ्यांना हाक मारा. पण हाक मारताना त्याला ऐकू जाईल असं सांगा, "थांबा हं, देतो." न बोलता दार लावू नका. त्याला गाव आणि आडनाव नंतर विचारा, किंवा विचारूच नका. घरात जे असेल ते आधी त्याच्यासमोर ठेवा.

मला चांगलं ठेवा, तेल लावा, वाळवीपासून जपा, असं सांगायचा माझ्यासारख्या जुन्या वस्तूंचा रिवाज आहे. मी तसं सांगणार नाही. दारात भुकेला माणूस उभा असेल, तर मला खुंटीवरच राहू द्या. आधी टोपलीचं झाकण उचला.